परतीच्या वाटेची शिदोरी

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की पुण्या-मुंबईच्या पक्षीनिरीक्षकांची धांदल सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत राहून गेलेल्या फेऱ्या उरकायच्या असतात, कारण मार्च सुरू झाला की हिवाळी पाहुणे एकेक करून निघू लागतात. पुण्याहून पहाटे सोलापूरच्या दिशेने निघायचे, भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर सकाळ घालवायची, संध्याकाळी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ गाठायचा आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरपलीकडचे नान्नज पाहून परतायचे, अशी दोन दिवसांची फेरी अनेक जण करतात. सगळे अंतर मोटारीने होते, रस्ता चांगला आहे आणि तलाव, शेते व माळ असे तीन वेगवेगळे अधिवास एकाच वाटेवर भेटतात.

या फेरीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यायला हवी. थंडी संपतानाचा पक्षी हा थंडी सुरू होतानाच्या पक्ष्यासारखा नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो हजारो किलोमीटर उडून थकून आलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पुन्हा तेवढाच प्रवास करण्याच्या तयारीत असतो. शरीरात चरबी साठवणे, पिसे ठीकठाक करणे, काही जातींत जोडीदार निवडणे ही सगळी कामे याच चार-सहा आठवड्यांत उरकायची असतात. गावाला निघालेल्या माणसाने शिदोरी बांधावी, तशी ही त्याची शिदोरी बांधण्याची वेळ. पाहायला येणाऱ्यांची गर्दीही नेमकी याच वेळी वाढते.

फुगवट्यावरची सकाळ

सोलापूर जिल्ह्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. सुमारे 117 टीएमसी साठवणक्षमतेच्या या यशवंतसागर जलाशयाचा फुगवटा मागे पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या हद्दीत पसरला. गावे हलली, पळसदेवचे जुने मंदिर पाण्याखाली गेले आणि नदीकाठी उथळ पाण्याचा प्रचंड विस्तार तयार झाला. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या गावांच्या काठाला आज जी पक्ष्यांची जत्रा भरते, ती या माणसाने घडवलेल्या पाण्यावर.

रब्बीची आवर्तने सुटू लागली की जलाशयाची पातळी उतरते. पाणी मागे सरकते तसा काठचा गाळ उघडा पडतो. शेतकरी त्यावर गाळपेर करतात आणि पक्षी त्याच गाळातून आपले पीक काढतात. अळ्या, गांडुळांसारखे किडे, बारीक शंख-शिंपले, पाणवनस्पतींचे बी, असे अन्न तिथे असते. ज्याची चोच जेवढी लांब, तेवढ्या खोलीवरचे अन्न त्याच्या वाट्याला येते. लहान तुतवार काठाच्या ओल्या चिखलात टोचत फिरतो. लांब चोचीचा काळ्या शेपटीचा पाणटिवळा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून डोकेही पाण्यात घालतो. थापट्या बदक पसरट चोचीने पाणी गाळत पोहत राहते. तलवार बदक शेपूट वर करून उलटे होते आणि तळाशी पोहोचते.

गर्दी खेचतो तो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. चोच उलटी करून पाण्यात बुडवायची, जिभेच्या साहाय्याने पाणी आत ओढून बाहेर टाकायचे आणि चोचीच्या काठावरच्या चाळणीत अडकलेले बारीक जीव गिळायचे, ही त्याची खाण्याची रीत. त्याचा गुलाबी रंग याच अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांतून येतो. गाजराला आणि टोमॅटोला रंग देणारी द्रव्ये याच कुळातली. भारतात रोहितांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. पाणी उतरून चिखलपट्टे उघडे पडले की उजनीवर त्यांची संख्या वाढते आणि पाऊस येईपर्यंत बरेच थवे इथे थांबतात.

पट्टकदंबाची गोष्ट वेगळी आहे. राखी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेट, मध्य आशिया आणि लडाखच्या सरोवरांकाठी वीण करतो. त्याला थोड्याच दिवसांत निघायचे असते. सकाळी तो काठाच्या गवतात आणि हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरताना दिसतो. मान खाली, थोडे चरणे, मान वर करून कानोसा घेणे, पुन्हा मान खाली. दुर्बिणीतून दहा मिनिटे एकाच हंसाकडे पाहिले तर त्याचा दिवस कसा जातो याचा अंदाज येतो.

दिवस मोठा झाल्याचे कळते कसे?

भिगवणला चरणाऱ्या हंसाला मंगोलियातले बर्फ वितळू लागले की नाही, हे कळायला काही मार्ग नाही. इथल्या उन्हावरून तिथल्या थंडीचा अंदाज करता येत नाही. तरीही तो दरवर्षी जवळपास त्याच सुमारास निघतो, कारण त्याचे शरीर दिवसाची लांबी मोजते. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सुमारे 11 तासांचा असतो. फेब्रुवारी संपेपर्यंत तो साडेअकरा तासांच्या पुढे जातो. माणसाला हा अर्ध्या-पाऊण तासाचा फरक जाणवत नाही. पक्ष्याच्या मेंदूला जाणवतो.

कॅनडातील प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रोवन यांनी 1920 च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या लहान पक्ष्यांना त्यांनी विजेच्या दिव्यांनी रोज थोडा जास्त उजेड दिला. हवा गोठवणारी असूनही त्या पक्ष्यांची जननग्रंथी वसंतात वाढावी तशी वाढली. ऋतूची वर्दी थंडी-उन्हापेक्षा उजेड देतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे 1930 च्या दशकात फ्रान्सच्या झाक बनवा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवले की यासाठी डोळ्यांचीही गरज नाही. कवटीतून झिरपणारा उजेड मेंदूच्या खोल भागातील पेशी थेट टिपतात. या पेशींच्या इशाऱ्यावर संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि भूक, चरबी, जननग्रंथी, रात्रीची झोप असे सगळे बदलू लागते. विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत दिवसातला फरक फारच कमी असतो. तिथे शरीरातले वर्षाचे घड्याळही कामाला येते.

वजन वाचवण्याची युक्तीही यातच आहे. वीण संपली की पक्ष्यांच्या जननग्रंथी आक्रसून अगदी बारीक होतात. उडताना अनावश्यक ग्रॅमभर ओझेही परवडत नाही. परतीच्या वेळी त्या पुन्हा वाढू लागतात. त्याचा परिणाम काठावरूनही दिसतो. तलवार बदकांचे नर मान ताणून माद्यांभोवती घिरट्या घालू लागतात. अनेक बदकांच्या जोड्या इथेच, हिवाळी मुक्कामात जुळतात आणि मग नर मादीच्या मागोमाग तिच्या जन्मगावाकडे जातो. सासुरवाडीला जाणाऱ्या या नरांचे लग्न आपल्या तलावांवर ठरते, असे म्हणायला हरकत नाही.

चरबीचे गणित

आहारतज्ज्ञ सांगतात ते गणित पक्ष्यांनाही लागू आहे. एक ग्रॅम चरबीतून साधारण 9 किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम कर्बोदकातून वा प्रथिनातून 4. शिवाय कर्बोदके शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साठतात तेव्हा त्यांच्याबरोबर पाण्याचेही ओझे येते. चरबी जवळपास कोरडी साठते. म्हणजे तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त इंधन. ती जळताना थोडे पाणीही तयार होते. लांब पल्ल्याच्या उड्डाणात तेही उपयोगी पडते.

इथे पक्षी माणसाच्या पुढे जातो. माणूस जोरात धावू लागला की त्याचे स्नायू मुख्यतः साखरेवर चालतात. चरबी तेवढ्या वेगाने स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. उडणे हे धावण्याहूनही खर्चिक काम असून पक्षी ते तासन् तास चरबीवर करतो. चरबीचे रेणू रक्तातून वाहून नेणारी आणि स्नायूंत घेणारी प्रथिने स्थलांतराच्या काळात त्याच्या शरीरात वाढलेली असतात. काही लहान पक्षी निघण्यापूर्वी खाऊन खाऊन आपले वजन जवळपास दुप्पट करतात आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत ते पुन्हा उतरवतात. माणसाने असे दरवर्षी केले तर यकृत आणि हृदय दोन्ही तक्रार करतील.

या गणिताची कमाल मर्यादा दाखवली ती पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याने. ऑक्टोबर 2022 मध्ये अवघ्या पाच महिन्यांच्या एका पक्ष्याने अलास्कापासून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर अंतर 11 दिवसांत, कुठेही न थांबता पार केले. त्याच्या अंगावर बसवलेल्या छोट्या यंत्राने ही नोंद केली. या जातीचे पक्षी निघण्यापूर्वी चरबी तर साठवतातच, पण जठर, आतडी, यकृत हे अवयवही लहान करून घेतात. वाटेत जेवायचे नसेल तर स्वयंपाकघर कशाला न्यायचे?

भिगवणच्या पाहुण्यांचा प्रवास एवढा सलग नसतो. ते टप्प्याटप्प्याने, वाटेतल्या पाणथळींवर थांबत जातात. तरीही पहिल्या टप्प्याची शिदोरी इथलीच असते. ती कमी पडली तर पुढच्या पाणवठ्यावर जास्त दिवस थांबावे लागते आणि विणीच्या जागी पोहोचायला उशीर होतो. उत्तरेकडचा उन्हाळा छोटा असतो. उशिरा आलेल्या जोडीची पिल्ले थंडीपूर्वी उडण्याजोगी होतीलच असे नाही.

हिमालय ओलांडताना

पट्टकदंबाच्या वाटेत हिमालय येतो. भारत आणि मंगोलियात या हंसांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी त्यांच्या उड्डाणाच्या नोंदी घेतल्या. सर्वाधिक उंचीची नोंद 7,290 मीटरची होती. बहुतेक उड्डाणे मात्र साडेपाच हजार मीटरांच्या आतच झाली. हंस उगाच उंची गाठत नाहीत. दऱ्याखोऱ्यांच्या चढउताराला धरून, खाली-वर होत जातात. पुष्कळदा रात्री किंवा पहाटे उडतात, कारण थंड हवा दाट असते. दाट हवेत पंखांना उचल जास्त मिळते आणि श्वासाबरोबर प्राणवायूही.

त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये इतर हंसांच्या तुलनेत थोडा बदल आहे. त्यामुळे ते विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट धरते. फुप्फुसे मोठी असतात, श्वास खोल असतो आणि उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट असते. जेसिका मायर यांनी या हंसांची पिल्ले लहानपणापासून वाढवली, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांना तोंडावर मुखवटा चढवून वाऱ्याच्या बोगद्यात उडायला शिकवले आणि कमी प्राणवायूत त्यांचे शरीर कसे चालते हे मोजले. तो शोधनिबंध 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मायर अंतराळवीर म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेल्या आणि केवळ महिलांनी केलेल्या पहिल्या अंतराळचालीत सहभागी झाल्या. विरळ हवेत शरीर कसे तग धरते, हा प्रश्न हंसांप्रमाणेच गिर्यारोहकांना आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टरांनाही पडलेला असतो.

एका उड्डाणाची किंमत

विश्रांतीच्या तुलनेत पंख मारत उडायला पक्ष्याला साधारण दहापट किंवा त्याहून अधिक ऊर्जा लागते. होडी जवळ आली, थवा उठला, दोन घिरट्या घालून पलीकडे बसला, एवढे पाहणाऱ्याला दोन मिनिटांचे सुंदर दृश्य वाटते. पक्ष्याच्या हिशेबात तो दुहेरी तोटा असतो. उडण्यात इंधन गेले आणि तेवढा वेळ चरणेही थांबले. बसल्यावरही काही काळ तो मान वर करून धोका टळला का हेच पाहत राहतो. एक होडी गेली की दुसरी येते. रविवारी सकाळी अशा पंधरा-वीस होड्या फिरल्या तर एकाच थव्याला कितीदा उठावे लागेल?

रोहितासारख्या मोठ्या पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही. आधी पाण्यावरून धावत वेग घ्यावा लागतो. पंख उघडल्यावर दिसणारा लाल-काळा रंग टिपण्यासाठी ‘जरा उडवा ना’ अशी फर्माइश नावाड्याकडे केली जाते. भिगवण परिसरातील नावाडी बहुतेक मासेमार कुटुंबांतले आहेत. पक्षी पाहायला येणाऱ्यांमुळे त्यांना हंगामात चार पैसे मिळतात आणि पक्षी टिकले तरच ते पुढेही मिळतील, हे त्यांना चांगले कळते. ग्राहकाची मागणी असली की नाही म्हणणे मात्र अवघड जाते. ती मागणी न करणे आणि ‘लांबूनच दाखवा, घाई नाही’ असे आधीच सांगणे पाहणाऱ्याच्या हाती आहे.

कुरव पक्ष्यांना फरसाण किंवा शेव उधळून जवळ बोलावण्याची सवयही अनेक पाणवठ्यांवर पसरली आहे. तळलेले, खारट पीठ हे हजारो किलोमीटरच्या प्रवासाचे इंधन नव्हे. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेटच्या पठारावर वीण करतो. त्याला मासे आणि किडे हवेत.

वाटेवरचा पळस आणि माळावरची संध्याकाळ

दुपारी महामार्ग सोडून आत वळले की बांधावरचे पळस आणि पांगारे फुललेले दिसतात. त्यांवर पळसमैनांचे, म्हणजे भोरड्यांचे थवे कलकलाट करत असतात. ज्वारीच्या हंगामात याच भोरड्यांवर शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो. थंडी सरताना त्या फुलांतल्या मधुरसावर येतात. ही साखर यकृतात चरबीत बदलते आणि त्या जोरावर भोरड्या एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघतात. तिथे त्यांची वीण टोळ आणि नाकतोड्यांच्या हंगामाशी जुळलेली असते. म्हणून पळसाचे झाड बांधावर राहणे हे कझाकस्तानातल्या घरट्यांसाठीही महत्त्वाचे ठरते.

कडबनवाडीचा माळ पहिल्यांदा पाहणाऱ्याला ओसाड वाटतो. गुडघाभर वाळलेले गवत, मुरूम, मधूनच बोर-बाभळीची झुडपे. या माळावर चिंकारा आहेत, लांडगे आणि खोकड आहेत. चंडोल, पखुर्डी, धाविक हे पक्षी बारमाही इथलेच. हिवाळ्यात त्यांच्यात भोवत्या या शिकारी पक्ष्यांची भर पडते. गवताला जवळजवळ घासत, पंख किंचित वर धरून डावीकडे-उजवीकडे कलत उडणारा भोवत्या नाकतोडे, उंदीर आणि लहान पक्षी टिपतो. यातले अनेक भोवत्ये कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतात.

सूर्य कलला की ते गवतात उतरतात. ससाण्याच्या चालीचा हा पक्षी झाडावर न बसता जमिनीवर, थव्याने रात्र काढतो. गुजरातमधील वेळावदरचे भोवत्यांचे रात्रीचे वसतिस्थान जगातील सर्वांत मोठ्या वसतिस्थानांपैकी एक मानले जाते. महाराष्ट्राच्या माळांवरही त्यांचे लहान-मोठे मुक्काम असतात. म्हणूनच अंधार पडल्यावर गवतात गाडी घालणे आणि झोत टाकून लांडगा शोधणे धोक्याचे. चाकाखाली काय येईल ते दिसत नाही आणि उठलेल्या भोवत्याला रात्री दुसरी सुरक्षित जागा शोधावी लागते. वनविभागाने ठरवून दिलेले मार्ग आणि वेळा पाळायच्या त्या याचसाठी. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटवण्याची पद्धतही या मुक्कामांच्या मुळावर येते.

सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद वर्षानुवर्षे ‘पडीक’ अशी होत आली. पडीक म्हटले की तिथे झाडे लावावीत, कारखाना आणावा किंवा खाण काढावी, असे कोणालाही वाटते. माळावर झाडे लावली की सावली मिळते, पण माळाचे पक्षी जातात. धाविक आणि चंडोल यांना मोकळी जमीनच लागते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात 942 जातींचा आढावा घेण्यात आला. त्यातील 178 जातींना तातडीने संरक्षणाची गरज असल्याचे म्हटले आहे. घट झालेल्या गटांत गवताळ व मोकळ्या माळांवरचे पक्षी, शिकारी पक्षी, स्थलांतरित चिखलपक्षी आणि बदके ठळकपणे आहेत. या दोन दिवसांच्या फेरीत पाहायचे असतात ते नेमके हेच गट.

नान्नज: कुठेही न जाणारा पक्षी

दुसऱ्या दिवसाचा मुक्काम सोलापूर-बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर. 1979 मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शहरे, शेते, रस्ते सगळेच आले. पुढे ते कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. नान्नज हे त्याचे केंद्र.

माळढोक लांबवर स्थलांतर करणारा पक्षी नाही. तो माळावर जन्मतो आणि माळावरच फिरतो. नराचे वजन 15 किलोपर्यंत जाते. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढ्या मंद गतीने वाढणाऱ्या जातीला थोडीशी जास्तीची मरतूकही सोसत नाही. विजेच्या तारा हे त्याच्या मरणाचे मोठे कारण आहे. या कुळातील पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात आणि समोरचे अगदी अरुंद क्षेत्र दिसते. उडताना जमिनीकडे पाहायला मान खाली केली की समोरची तार दिसतच नाही. दिसली तरी जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही.

सोलापूरच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि ते पहिल्या दिवशीच्या सकाळशी जोडलेले आहे. उजनीच्या कालव्यांनी या कोरडवाहू भागात पाणी आणले. ज्वारी, करडई, हरभरा आणि मधूनमधून पडीक राहणारी शेते यांच्या जागी ऊस आणि फळबागा आल्या. जिरायती शेतात माळढोकाला किडे आणि दाणे मिळत, लपायला जागा मिळे. उसाच्या फडात त्याला चालताही येत नाही. ज्या धरणाने भिगवणला रोहितांचा पाणवठा दिला, त्याच धरणाच्या पाण्याने माळढोकाचा माळ आक्रसला. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. दुष्काळी मुलखात पाणी आल्यावर त्याने तेच केले जे कोणीही केले असते. मात्र पक्ष्यांच्या जमाखर्चात ही नोंद राहते.

आज देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथे जैसलमेर जिल्ह्यात 2019 पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा प्रकल्प सुरू आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्माला आले. नान्नजला अलीकडे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. भिगवणचा हंस निघून गेला तरी पुढच्या हिवाळ्यात परतण्याची आशा असते. माळढोकाने मात्र इथून जायचे कुठे?

पक्षी, आजार आणि अंतर

पक्षी कुठून येतात, हे शोधण्याच्या भारतातील सर्वांत मोठ्या प्रयत्नाची सुरुवात एका आजारातून झाली. 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. आज कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, तो माकडताप म्हणून ओळखला जातो. त्याचा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता निघाला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तो आला असावा का, असा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत वाळे घालून त्यांचा माग काढायला सुरुवात केली. पक्ष्यांनी हा आजार आणल्याचे काही सिद्ध झाले नाही. पक्ष्यांच्या वाटा मात्र कळल्या.

बर्ड फ्लूबाबत पक्षी वाहक आहेत आणि बळीही. 2005 मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर या विषाणूने हजारो पाणपक्षी मेले आणि त्यांत पट्टकदंब सर्वांत जास्त होते. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. दुरून पक्षी पाहणाऱ्याला यात भीती बाळगण्याचे कारण नाही. मेलेला किंवा आजारी पक्षी दिसल्यास हात लावू नये, लहान मुलांना जवळ जाऊ देऊ नये आणि पशुसंवर्धन किंवा वनविभागाला कळवावे. फेरीनंतर बुटांचा चिखल धुऊन टाकावा. घरी किंवा शेतावर कोंबड्या असतील तर हे न चुकता करावे.

निघण्यापूर्वी

पाहणाऱ्याने स्वतःच्या शरीराचाही विचार करावा. मध्यरात्री उठून झोप अर्धवट ठेवून महामार्गावर गाडी चालवणे सर्वांत धोक्याचे. डोळे उघडे असतानाही काही सेकंद मेंदू झोपतो आणि तेवढ्यात गाडी शंभर मीटर पुढे गेलेली असते. आदल्या संध्याकाळी पोहोचून भिगवण परिसरात मुक्काम करणे बरे. त्यामुळे गावात चार पैसेही राहतात. फेब्रुवारीअखेर सोलापूर भागात दुपारचे ऊन चांगलेच तापते. टोपी, भरपूर पाणी आणि दुपारची विश्रांती हवी. त्या वेळी पक्षीही सावलीला असतात आणि जमिनीवरच्या तापलेल्या हवेमुळे दुर्बिणीतले चित्र थरथरते.

कपडे माती-गवताच्या रंगाचे असावेत. माळावर गाडी हाच उत्तम आडोसा, कारण पक्षी चालत्या माणसाला जितके बुजतात तितके थांबलेल्या गाडीला बुजत नाहीत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. चरणाऱ्या पक्ष्याने मान वर करून रोखून पाहायला सुरुवात केली की आपण पुरेसे जवळ आलो, असे समजावे आणि तिथेच थांबावे. थोडे थांबल्यावर मान पुन्हा खाली गेली तर अंतर योग्य आहे.

दिसलेल्या पक्ष्यांची यादी वेळ, ठिकाण आणि अंदाजे संख्येसह ईबर्डसारख्या नोंदपुस्तकात टाकली तर ती शास्त्रज्ञांना वापरता येते. वर उल्लेख केलेला 2023 चा अहवाल अशाच हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा राहिला. यात चिमणी-साळुंकीसारख्या नेहमीच्या पक्ष्यांनाही जागा द्यावी. नान्नजच्या माळावर सकाळभर बसून माळढोक दिसला नाही, तरी त्या सकाळची पूर्ण यादी नोंदवावी. त्या माळावर कोण उरले आहे आणि कोण नाही, हे पुढच्या दहा वर्षांत अशा याद्यांवरूनच कळणार आहे.